निकाल कोणाचा?

मराठीत 'निकाल' हा एकच शब्द न्यायालयालाही पुरतो आणि शाळेलाही. न्यायालयात निकाल लागतो तेव्हा तो कोणाच्या बाजूने व कोणाविरुद्ध लागला याविषयी संदेह नसतो. वादी आणि प्रतिवादी दोघेही समोर उभे असतात. शाळेचा निकाल लागतो तेव्हा पिंजऱ्यात नेमके कोण उभे असते? मूल, शिक्षक, शाळा, की शाळेवर पैसा खर्च करणारे सरकार? परीक्षा या विषयावर शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत विपुल लेखन झाले आहे. परंतु परीक्षेचा निकाल चारचौघांत कसा, कोणासाठी आणि कोणाच्या नावे जाहीर होत आला, हा इतिहास सहसा कोणी वेगळा काढून पाहत नाही. तो पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. आरंभी जाहीर निकाल हा शाळेने द्यावयाचा हिशेब होता. पुढे तो मुलाच्या कपाळावरचा शिक्का झाला. हे स्थित्यंतर कोणा एकाच्या हुकुमाने घडले नाही, आणि म्हणूनच ते घडत असताना फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

पंतोजींच्या शाळेत निकाल असा नव्हताच. धुळपाटीवर अक्षरे गिरवून मोडी वाचू-लिहू लागलेला, पावकी-निमकी-औटकी घोकून हिशेबाला तयार झालेला मुलगा शाळेतून केव्हा बाहेर पडणार, हे त्याच्या घरची निकड ठरवीत असे. सांजवेळी दिव्यापुढे परवचा म्हणताना तो कोठे अडखळतो, हे आजोबांना ऐकू येई. आलेले पत्र त्याला लागते की नाही, हे बापाला दिसे. पंतोजींचा शिधा आणि महिन्याकाठचे चार पैसे त्याच घरांतून जात असल्यामुळे त्यांच्या कामाचा हिशेबही त्याच ओसरीवर होई. ही व्यवस्था आदर्श होती असे मुळीच नव्हे. मुली आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले या हिशेबात धरलेलीच नव्हती. मात्र शिकवणाऱ्याला जाब विचारणारा आणि शिकणाऱ्याचा पालक ही एकच व्यक्ती होती, एवढे येथे लक्षात ठेवावयास हवे.

विद्वत्तेची जाहीर पारख होई ती श्रावणमासातील दक्षिणेच्या निमित्ताने. पेशव्यांच्या पुण्यात पर्वतीच्या रमण्यात हजारो ब्राह्मण जमत, आणि शास्त्रीपंडितांना त्यांच्या अधिकाराप्रमाणे दक्षिणा मिळे. तो निकाल रुपयांतच व्यक्त होई. त्याला वेगळ्या यादीची गरज नव्हती. १८१८ नंतर इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिला हळूहळू कात्री लावली आणि १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पारख करण्याचा अधिकार दरबाराकडून शिक्षणसंस्थेकडे गेला, तो अशा रीतीने.

मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने जाहीर परीक्षेची चाल रूढ केली. संस्था वर्गणीदारांच्या पैशावर आणि सरकारी मदतीवर चालत असे. तेव्हा वर्षातून एकदा मुलांना सर्वांसमक्ष उभे करावे, गव्हर्नर व बडे अधिकारी, शेटसावकार, शास्त्री यांच्यासमोर त्यांनी नकाशावर नद्या दाखवाव्यात, फळ्यावर भूमितीचा सिद्धान्त सोडवावा, इंग्रजी उताऱ्याचे मराठी करून सांगावे, आणि शेवटी बक्षिसे वाटली जावीत, असा तो समारंभ असे. १८४० साली शिक्षणमंडळ स्थापन झाल्यानंतर त्याचे छापील वार्षिक अहवाल निघू लागले आणि शाळाशाळांची स्थिती कागदावर येऊ लागली. बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखा माणूस एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवीत होता आणि शाळांची तपासणीही करीत होता, त्या काळातली ही हकीकत आहे.

या जाहीर परीक्षांत देखावा बराच होता, हे मान्य केले पाहिजे. हुशार मुले पुढे उभी करावीत आणि मंद मुले मागच्या बाकावर झाकून ठेवावीत, ही युक्ती शिक्षकांना शिकवावी लागत नाही. तथापि त्या मांडवात परीक्षा मुलाची होत असली, तरी निकाल लागे तो शाळेचा. मुलगा चुकला तर त्याचे नाव दुसऱ्या दिवशी गावभर होत नसे. वर्गणी द्यावी की न द्यावी, एवढाच विचार पाहणारा घरी घेऊन जाई.

या प्रथेचा सर्वांत धारदार उपयोग मुंबईतल्या शेटसावकारांनी नव्हे, तर पुण्यातल्या जोतीराव फुले यांनी केला. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढल्यावर त्यांना आणि सावित्रीबाईंना जे सोसावे लागले ते सर्वश्रुत आहे. मुलींना शिकवणे पाप आहे, हा एक आक्षेप. त्यांना शिकवून काही येणारच नाही, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाला युक्तिवादाने उत्तर देता येईल. दुसऱ्याला उत्तर देण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मुलींनाच लोकांसमोर उभे करणे. १८५२ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा १८५३ च्या फेब्रुवारीत या शाळांच्या जाहीर परीक्षा पुण्यात झाल्या. दुसऱ्या परीक्षेला दोनशेंहून अधिक मुली हजर होत्या आणि ती पाहावयास लोकांची प्रचंड गर्दी लोटली होती. ज्या शहरात मुलीने पाटी हाती धरली तर घरात वैधव्य येईल अशी समजूत होती, त्या शहरात शेकडो माणसे मुलींचे वाचन ऐकावयास उभी राहिली. येथे उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण कोणती मुलगी झाली, याला महत्त्वच नव्हते. निकाल लागत होता तो समजुतीचा.

याच शाळांतून पुढे आलेली एक गोष्ट जाहीर निकालाच्या इतिहासात वेगळी नोंदवली पाहिजे. १८५५ साली अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. तो लिहिणारी मुक्ता ही मांग जातीची, सुमारे चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती, आणि तिचे शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे होते. तीन वर्षांच्या शिक्षणाने काय साधते, हे सांगण्यासाठी त्या शाळेला गुणांचा तक्ता छापावा लागला नाही. मुलीने आपल्या लोकांची स्थिती पाहिली, तिच्यावर विचार केला आणि तो विचार शुद्ध, रोखठोक मराठीत मांडला. तो अंक हाती घेणाऱ्या वाचकाला शाळेचा अहवाल आणि समाजावरचा आरोप दोन्ही एकाच वेळी मिळत होते. प्रगतिपत्रकाचा याहून चांगला नमुना मराठीत त्यापूर्वी निघाला नव्हता; त्यानंतरही फार निघाले असे म्हणवत नाही.

१८५४ चा वुडचा खलिता, १८५५ चे शिक्षणखाते आणि १८५७ चे मुंबई विद्यापीठ यांनी चित्र पालटले. १८५९ साली विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. परीक्षेला बसलेले सव्वाशेंच्या वर, आणि उत्तीर्ण झालेले अवघे वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली पहिले बी.ए. झाले ते चौघे: रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. विद्यापीठाच्या छापील कॅलेंडरात उत्तीर्णांची नावे वर्षानुवर्षे दिली जात. ही यादी आज चाळली तर अर्धे एकोणिसावे शतक तिच्यातून चालत जाताना दिसते. परंतु यादीचा स्वभाव पाहा. परीक्षा आता लेखी होती, बंद खोलीत होती, परीक्षक अपरिचित होता. पूर्वी लोकांना उत्तर ऐकू येत असे. आता त्यांना फक्त नाव दिसू लागले. आणि शंभरांतल्या ज्या ऐंशींचे नाव छापलेले नव्हते त्यांचे काय झाले, त्यांना कोणी कसे शिकवले होते, हे सांगण्याची जबाबदारी त्या यादीवर नव्हती.

याच सुमारास विलायतेत निकालाला रोख किंमत आली. रॉबर्ट लो यांनी १८६२ साली अमलात आणलेल्या सुधारित नियमावलीनुसार प्राथमिक शाळेला सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे हजेरीचे चार शिलिंग आणि परीक्षेचे आठ शिलिंग मिळावयाचे. वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापावयाचे. कवी व समीक्षक म्हणून आपल्याकडे परिचित असलेले मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते, आणि त्यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. टीका होत राहिली आणि पद्धत तीस वर्षे चालली. हिंदुस्थानातही ती आली. मुंबई इलाख्यात १८६५ च्या सुमारास, सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षणखात्याचे डायरेक्टर असताना, खाजगी शाळांची ग्रँट मुलांच्या निकालाशी बांधली गेली.

खेड्यापाड्यांत ज्यांना 'दिपोटी' म्हणत त्या डेप्युटी इन्स्पेक्टरांच्या फेरीला एवढे वजन का आले, याचे उत्तर परीक्षेच्या या अधिकारात आहे. दिपोटी येणार म्हणून शाळा सारवून घ्यावयाची, मुलांना धुतलेले कपडे घालून बसवावयाचे, आजारी मुलाला पाठुंगळीला मारून आणावयाचे, आणि साहेब विचारतील ते धडे आधी पाठ करून ठेवावयाचे. ग्रँट निकालाशी बांधलेली असेल तेथे मूल अडखळले की शिक्षकाचा जीव खालीवर होई; त्या अडखळण्याची किंमत शाळेला मोजावी लागणार होती. आता निकाल शिक्षकाच्या नावावर लागत होता, पण त्याची वसुली मुलाकडून होत होती. घोकंपट्टीला आपण मराठी माणसाचा स्वभावदोष मानतो. तिला सरकारी भाव देऊन पोसले गेले, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. १९०४ सालच्या लॉर्ड कर्झन यांच्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावाने या पद्धतीची पाठवणी केली. सवय मात्र मागे राहिली.

दरम्यान १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. सरकारचा महसूल कुणब्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा मुख्य आरोप होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे आणि प्राथमिक शिक्षकांचे पगार वाढावेत, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे मुलांचे आणि शिक्षकांचे निकाल तपासणाऱ्या सरकारलाच त्यांनी परीक्षेला बसवले. त्याच वर्षांत पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलनेही निकालाचा असाच उलटा उपयोग केला. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या या शाळेला सरकारी आधार नव्हता; मॅट्रिकचा निकाल आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, या विद्यापीठानेच ठरवलेल्या कसोट्यांवर ती उतरली. खुद्द हंटर साहेबांनी शाळेची वाखाणणी केली. एतद्देशीयांना संस्था चालवता येत नाही, या म्हणण्याला त्या निकालाने परस्पर उत्तर दिले.

सरकारचा निकाल आकड्यांनी लावण्याचे काम खऱ्या अर्थाने पुरे केले ते बडोद्याने. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. मुलगे सात ते बारा आणि मुली सात ते दहा वर्षांच्या, अशी सक्तीची मर्यादा होती; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. दंडाची ही तरतूद लोकांना जाचली, याबद्दल शंका नको. शेतात आणि गुरांमागे लागणारे हात शाळेत अडकून पडले होते. परंतु महत्त्वाचे असे की, राज्याचे वार्षिक अहवाल छापले जात आणि किती मुले शाळेत आहेत हे त्यांत मांडले जाई. १९११ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले, तेव्हा हे आकडे त्यांच्या हाती होते. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात शेकडा ऐंशीच्या जवळपास शाळेत, तर ब्रिटिश हिंदुस्थानात शेकडा एकवीस-बावीस; मुलींपैकी बडोद्यात शेकडा सत्तेचाळीसच्या वर, तर ब्रिटिश हिंदुस्थानात शेकडा चार, अशी ती तुलना होती. एका संस्थानाने स्वतःचे प्रगतिपत्रक छापले आणि त्यामुळे साम्राज्याचे प्रगतिपत्रक आपोआप उघडे पडले. १९१२ साली बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. मते सरकारकडे होती, आकडे गोखल्यांकडे राहिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला.

ग्रंथालयाच्या सभासदांना यातला पुढचा धागा विशेष जवळचा वाटेल. शाळा सोडलेले मूल चार वर्षांत अक्षर विसरते आणि मग आधीचा सगळा निकाल वाया जातो, ही धास्ती बडोद्याच्या योजनेमागे होती. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून तेथे स्वतंत्र ग्रंथालय खाते उभारले गेले, मध्यवर्ती ग्रंथालय झाले, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. शाळेच्या परीक्षेनंतर दहा वर्षांनी माणूस काय वाचतो, हे विचारण्याचे धारिष्ट फार थोड्या राज्यांनी दाखवले आहे.

निकाल मुलाच्या नावावर कायमचा चढला तो वृत्तपत्रांमुळे. मॅट्रिकचे निकाल वृत्तपत्रांत येऊ लागले आणि परीक्षेने घराचा उंबरा ओलांडला. 'पेपरात नंबर आला' हा वाक्प्रचार मराठीला मिळाला तो तेव्हाच. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री झाले तरी त्यांचा परिचय करून देणारे त्या पहिल्या क्रमांकापासूनच आरंभ करीत. एवढे सामर्थ्य त्या यादीत होते.

१९४९ पासून मुंबई राज्यात मॅट्रिकची जागा एस.एस.सी. परीक्षेने घेतली, आणि निकालाच्या दिवशी वृत्तपत्राची पाने बारीक टायपातल्या आकड्यांनी भरून जाऊ लागली. पहाटे स्टँडवर गठ्ठा उतरताच लोकांची झुंबड उडे. वाचनालयाच्या मुक्तद्वार विभागात एका अंकाभोवती आठ-दहा डोकी वाकत. त्या पानांची रचना विलक्षण होती. उत्तीर्णांचे क्रमांक तेवढे छापलेले असत. अमुक क्रमांकानंतर एकदम तीन सोडून पुढचा क्रमांक आला की मधल्या तिघांचा निकाल सर्वांना कळे. नापास मुलाविषयी एक अक्षरही न छापता त्याची जाहीर वाच्यता करण्याची ही युक्ती कोणी योजून काढली नव्हती. ती जागा वाचवण्याच्या सोयीतून आपसूक झाली. बोट त्या ओळीवरून तीन-तीनदा फिरवून मुकाट्याने बाहेर पडणारी मुले प्रत्येक गावाने पाहिली आहेत. पेढे वाटणाऱ्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या. यांच्या लिहिल्या गेल्या नाहीत.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांच्या नशिबी याहून एक अधिक फेरा होता. निकाल कोठून येणार, हे त्यांच्या बाबतीत इतिहास ठरवीत असे. बेळगावची मुले मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला आणि नंतर पुण्याच्या बोर्डाच्या एस.एस.सी.ला बसत, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर त्यांची गाठ म्हैसूर राज्याच्या, म्हणजे पुढच्या कर्नाटकाच्या, एस.एस.एल.सी.शी पडली. इंदूर-ग्वाल्हेरकडचे विद्यार्थी १९२९ नंतर अजमेरच्या बोर्डाकडे डोळे लावून बसत. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे; तेथे मराठी मुलाची प्रगती परक्या लिपीत मोजली जाई. गोव्यात पोर्तुगीज लिसेव होते, तरी तेथल्या काही शाळा मुंबईच्या मॅट्रिकसाठी मुले तयार करीत. मुक्तीनंतर पुण्याच्या बोर्डाशी जोडल्या गेलेल्या शाळांना १९७५ साली गोव्याचे स्वतःचे मंडळ मिळाले. बडोद्याची मुले १९४९ च्या विलीनीकरणाने मुंबई राज्यात आणि १९६० साली गुजरातेत गेली. अशा गावांत मराठी शाळेचा शेकडा निकाल हा निव्वळ शाळेचा विषय राहत नसे. मराठी माध्यमात मूल घातले तर त्याचे नुकसान होते काय, या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी जूनमध्ये सगळा समाज त्या एका आकड्यात शोधी.

आकड्याला एवढा मान आला की त्याची डागडुजीही सुरू होते. शाळेचा निकाल शेकडा नव्वदच्या वर ठेवावयाचा असेल तर दोन मार्ग असतात: सर्वांना नीट शिकवावे, किंवा कच्च्या मुलांचे फॉर्मच भरू नयेत. दुसरा मार्ग स्वस्त. पूर्वपरीक्षेत मागे पडलेल्या मुलाचा फॉर्म अडवावयाचा, त्याला पुढल्या वर्षी बसण्याचा सल्ला द्यावयाचा किंवा बाहेरून बसावयास सांगावयाचे, ही रीत सर्वत्र चालत आली. कार्यक्रमपत्रिकेवर शाळेचा टक्का झळके, आणि त्या टक्क्याच्या छेदातून वगळलेली मुले कोणाच्याच हिशेबात नसत. दिपोटीच्या वेळी आजारी मुलाला पाठीवर आणणारी शाळा आणि मंद मुलाला घरी बसवणारी शाळा, या दोघींचे तर्कशास्त्र एकच आहे.

गुणवत्ता यादीचा काळ त्यापुढचा. 'बोर्डात येणे', 'मेरिटमध्ये झळकणे' हे शब्द घरोघरी गेले. वृत्तपत्रांत छायाचित्रे, आईवडिलांच्या मुलाखती, दिवसातून किती तास अभ्यास केला याची चौकशी. यांतून खेड्यातल्या, गरीब घरातल्या मुलांना मिळालेला मान खोटा नव्हता, आणि त्या मानावर कित्येकांचे पुढचे शिक्षण झाले. पण एका गुणाच्या अंशाने क्रमांक ठरू लागले आणि निकालाच्या दिवसाचे भय इतके वाढले की त्या दिवशी मुलांच्या आत्महत्येच्या बातम्या येऊ लागल्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे थांबवले. केंद्रीय मंडळाने २०१० पासून दहावीला श्रेणी आणल्या, आणि २०१८ साली दहावीची सक्तीची बोर्डपरीक्षा पुन्हा सुरू केली. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क असल्याचा निर्णय दिला. विद्यापीठाच्या स्थापनेनंतर दीडशे वर्षांनी परीक्षक परीक्षार्थीला दिसला, निदान त्याची लाल शाई तरी.

आता निकाल संगणकावर येतो. महाराष्ट्रात तो पाहावयाचा तर बैठक क्रमांकासोबत आईचे नाव घालावे लागते, ही तरतूद चांगली आहे. शेजाऱ्याच्या पोराचा निकाल परस्पर काढण्याची सोय तिने बरीचशी बंद केली. मात्र सरकारी यादी गेली आणि तिची जागा खाजगी शिकवणी वर्गांच्या फलकांनी घेतली. चौकाचौकांत मुलांचे चेहरे आणि त्यांचे टक्के टांगलेले असतात. पूर्वी यादी छापणारे मंडळ निदान सर्व उत्तीर्णांचे क्रमांक छापी. फलकावर वर्गाला लाभदायक तेवढीच मुले असतात. वर्गणीदारांसमोर हुशार मुले पुढे करणाऱ्या जुन्या शाळांची येथे आठवण होते, फरक इतकाच की येथे प्रश्न विचारावयास कोणी उभे नसते.

इंग्लंडात १९९२ पासून माध्यमिक शाळांचे निकाल सरकारच तक्त्यांच्या रूपाने प्रसिद्ध करू लागले, म्हणजे लो साहेबांचा विचार वेगळ्या पोशाखात परत आला. वेल्सने २००१ साली ते तक्ते बंद केले. तेथील वाद येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

आपल्याकडे २००५ साली 'प्रथम' या, मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने जाहीर निकालाची एक निराळी तऱ्हा पाडली. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीत स्थानिक स्वयंसेवक शाळेत न जाता ग्रामीण भागातल्या घरी जातो, आणि मुलासमोर त्याच्या भाषेतला एक कागद ठेवतो. त्यावर काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मूल कोठपर्यंत वाचू शकते, एवढेच नोंदवावयाचे. २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी शेकडा ५०.५ मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. करोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२२ साली, हे प्रमाण शेकडा ४२.८ वर आले. अहवालात राज्यांची नावे असतात. मुलाचे नाव कोठेच नसते, आणि नापास असा शेराही नसतो. परीक्षा अंगणात होत असल्यामुळे घरची माणसे भोवती जमतात. पाच वर्षे नेमाने शाळेत गेलेल्या आपल्या मुलीला चार ओळी सलग वाचता येत नाहीत, हे कित्येक आईबाप तेथेच पहिल्यांदा ऐकतात, आणि शाळेत कोणाला भेटावे लागेल ते त्या स्वयंसेवकालाच विचारतात.